मंडळीच्या नळाला कुलूप: उपासनेबाहेर आपली जबाबदारी कोणती?

प्रश्न – एक शिक्षक, सांगली जिल्हा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक असून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीत गेली नऊ वर्षे आहे. रविवारची उपासना, शब्बाथ शाळा, बुधवारची घरोघरी होणारी कॉटेज प्रार्थना, शुक्रवारचा उपवास आणि तरुण संघाच्या गायनाच्या तालमी यांत आमचा आठवडा भरून जातो, आणि याच धावपळीत ख्रिस्ताचे कार्य घडते अशी माझी आजवर मनापासून समजूत होती.

गेल्या महिन्यात वर्धापनदिनाच्या बैठकीत मंडपाच्या कापडाच्या रंगावर पाऊण तास चर्चा चालली होती. त्या वेळी आवाराच्या फाटकाशी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई दोन रिकाम्या कळश्या घेऊन उभी होती. पलीकडच्या रानात बीडकडून आलेल्या टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या आहेत. तोटी चोरीला गेल्यापासून आमच्या नळाला कुलूप असते, आणि किल्ली कोणाकडे आहे हे बैठकीतल्या एकालाही ठाऊक नव्हते. ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. बैठकीची शेवटची प्रार्थना मीच केली.

त्या दिवसापासून माझे मन स्वस्थ नाही. अशा कामासाठी मंडळीने वेगळी समिती नेमावी का, की आणखी काही करावे?

उत्तर – निवृत्त परिचारिका, मिरज

गुरुजी, समिती नेमू नका, असे मी आग्रहाने सांगेन. समिती नेमली की तिची बैठक होईल, आणि फाटकाशी कोण उभे आहे हे पुन्हा कोणालाच दिसणार नाही.

डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. त्या परंपरेत शिकलेल्या ज्येष्ठ परिचारिकांच्या हाताखाली मी घडले. ज्या रुग्णाकडे नातेवाईक फिरकत नाहीत त्याची चादर सर्वांत आधी बदलायची, असा त्यांचा दंडक होता. त्याला कोणी सेवाप्रकल्प म्हणत नसे, ती आमची रोजची पाळी होती. ख्रिस्ताचे कार्य मी जे काही केले असेल, ते बहुतेक त्या पाळीतच झाले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला एक बारकावा पाहा. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस वाटेवर अर्धमेला पडला होता, आणि मंदिराचा एक याजक, म्हणजे पुरोहित, त्याला पाहून बाजूने निघून गेला. हा याजक त्या वाटेने खाली जात होता, म्हणजे यरुशलेमेकडून यरीहोकडे चालला होता. मंदिरातील सेवेसाठी उशीर होईल, ही सबबसुद्धा त्याच्याजवळ नव्हती. उपासनेकडे जाताना आपण सगळेच सावध असतो, तिथून परतताना आपली नजर कुठे असते, याचा विचार आपण करावा असे मला वाटते.

आणि राग मानू नका, पण तुम्ही शिक्षक आहात म्हणून विचारते: त्या कोप्यांतली किती मुले तुमच्या हजेरीपटावर आहेत?

उत्तर – एक वाचक, पुणे

ताईंचे म्हणणे मला पटते, तरी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. प्रार्थना आणि सेवा यांना एकमेकांसमोर उभे करू नये, कारण प्रार्थनेवाचून केलेली सेवा लवकर थकते आणि तिला स्वतःचा अभिमान वाटू लागतो. दुसरे असे की, आज आपल्या मदतीकडे धर्मांतराचे आमिष म्हणून पाहिले जाते. त्याला भिऊन मदत थांबवू नये, परंतु पाण्याच्या कळशीबरोबर हाती धर्मप्रचाराची पत्रिकाही देऊ नये. तिने स्वतःहून विचारले तर आपल्या विश्वासाविषयी मोकळेपणाने सांगावे. पाणी मात्र तहानेसाठीच द्यावे.

उत्तर – एक वाचक, अहिल्यानगर

आमच्या जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण इथे लागू पडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन आणि पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० मध्ये तिथे आले. त्यांना वैद्यकीय सेवा द्यायची होती, पण दुष्काळाने गांजलेल्या लोकांना आधी अन्न आणि पाणी हवे होते. आपला ठरवलेला कार्यक्रम बाजूला ठेवून त्यांनी लोकांचे ऐकले. हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा त्यांनी आग्रह धरला, त्यामुळे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. पुढे गावोगावच्या स्त्रिया, ज्यांतील कित्येक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित होत्या, आरोग्यसेविका म्हणून उभ्या राहिल्या. बाळंतपणे, लसीकरण आणि कुष्ठरुग्णांची देखभाल ही कामे त्यांनी पेलली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठी वाटते ती त्या हातपंपाची जागा. पंप कुठे बसवायचा हे ठरवताना त्यांनी आपला विश्वास जमिनीवर उतरवला. तुमच्या मंडळीच्या नळाविषयीही हाच निर्णय व्हायला हवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर शून्य होते. ती मुले शाळेच्या कुंपणाबाहेरून आत पाहतात, हे मी दोन हंगाम पाहत आलो होतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कागदपत्रांअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हेही मला माहीत होते. मंडळीत मी शब्बाथ शाळेची हजेरी घेतो आणि शाळेत सरकारी हजेरी घेतो, पण ही मुले माझ्या दोन्ही पटांत नव्हती.

नळाचे कुलूप आम्ही काढले आहे. कमिटीत थोडी कुरकुर झाली, परंतु पाळकसाहेबांनी स्वतः उभे राहून नवी तोटी बसवून घेतली. शनिवारी दुपारी मी कोप्यांवर गेलो. शाळेच्या वयाची सात मुले भेटली, त्यांतली दोन सोमवारपासून माझ्या वर्गात बसू लागली आहेत. तिसरी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला यायचे आहे. तिची आई म्हणाली, "गुरुजी, ही शाळेत आली तर आम्ही फडात असताना धाकट्याला कोण बघणार?" ते मूल आठ महिन्यांचे आहे. महिला मंडळातील दोघीजणींना मी विचारले असून त्या उद्या सकाळी माझ्याबरोबर कोपीवर येणार आहेत.