मदत हवी: स्क्रीनवर झकास दिसणारे फोटो प्रिंटमध्ये काळवंडतात, मॉनिटर कॅलिब्रेट कसा करावा (म्हणजे रंग-उजेड नीट कसा जुळवावा)?

मंडळी, फेब्रुवारीत चुलतबहिणीचं लग्न झालं. हौसेने फोटो मी काढले, महिनाभर लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून साडेतीनशे फोटो दुरुस्त केले आणि अल्बम छापायला टाकला. अल्बम आला आणि घरात शांतता. मामाचा काळा कोट आणि मागचा मरून पडदा एकजीव झालेत. हळदीचे फोटो तर विचारूच नका, हळद लिंबाच्या सालीसारखी दिसतेय. आत्या म्हणाली, "अरे, लग्न दुपारचं होतं ना?"

लॅबवाल्याने हात वर केले, फाइलमध्ये आहे तेच छापलंय म्हणाला. तीच जेपीजी फोनवर उघडली तर तिथे तिसराच रंग!

मॉनिटर २४ इंची आयपीएस, ब्राइटनेस ९०, विंडोज ११. डावीकडे पश्चिमेची खिडकी, समोरची भिंत पोपटी (बायकोची निवड, त्यावर चर्चा नको). काम बहुतेक मुलं झोपल्यावर. विंडोजमधलं फुकटचं कॅलिब्रेशन करून झालंय. त्यातल्या चाचणीच्या चित्रात कोटवाल्या माणसामागची ती फुली, वर्तुळातले ठिपके, सगळं. दोनदा केलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) घ्यावाच लागतो का? त्या पैशांत एखादी बरी सेकंडहँड लेन्स येईल.

रीळवाला: ब्राइटनेस ९०? तिथेच घोळ आहे. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून अडीचशे-तीनशे निट्सवर (स्क्रीनच्या उजेडाचं माप) येतात, प्रिंटसाठी काम करताना १००-१२० पुरतात. स्क्रीन भगभगीत असली की फोटो जास्त उजळ वाटतो, मग आपण एक्स्पोजर खाली ओढतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे तिथे अंधार. डोळ्यावर जाऊ नका, हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) बघा. सगळा डोंगर डावीकडे कलला असेल तर फोटो खरंच काळा आहे.

अबोली: एक विचारू? अल्बममधले सगळेच फोटो लिंबाळलेत की काहीच? आणि विंडोजचं नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) चालू आहे का?

धागाकर्ता: अबोलीताई, आत्ता बघितलं. सूर्यास्ताला आपोआप सुरू होतं! डोळ्यांना बरं म्हणून मीच कधीतरी लावलेलं. हळद आणि संगीत रात्री एडिट केलं, दोन्ही बिघडलेत. सप्तपदी रविवारी सकाळी एडिट केली होती, ती काळी आहे पण रंग ठीक आहेत.

अबोली: मग झालं की! स्क्रीन पिवळी, म्हणून तुम्ही फोटोत निळा चढवत गेलात. आधी ते बंद करा. मॉनिटरच्या मेनूतलं इको आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद, ते उजेड आपोआप कमीजास्त करतात. एसआरजीबी (स्क्रीनसाठीचं नेहमीचं रंगांचं प्रमाण) मोड असेल तर तो लावून बघा, मात्र काही मॉनिटरमध्ये त्या मोडला ब्राइटनेस हलतच नाही. स्क्रीन अर्धा तास तापू द्या, पडदा ओढा. पोपटी भिंतीबद्दल बोलणार नाही, पण निदान तिच्यावर दिव्याचा झोत नको.

अर्धाचहा: दोघांचंही पटतं, पण यंत्राशिवाय अर्धंच काम होतं. डोळा हा फार लबाड प्राणी आहे, दहा मिनिटांत कुठल्याही पिवळ्याला पांढरं मानून मोकळा होतो. म्हणूनच तुमचं विंडोजवालं दोनदा वेगळं आलं. कॅलिब्रेटर स्क्रीनला चिकटवला की सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, यंत्र मोजतं आणि शेवटी त्या मॉनिटरचा आयसीसी प्रोफाइल (तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) बनतो. टार्गेट ठेवा ६५०० केल्व्हिन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा), ब्राइटनेस १२० निट्स. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, यंत्र मात्र लागतंच. नेटवरून दुसऱ्याचा प्रोफाइल उतरवू नका. तो त्याच्या मॉनिटरचा, दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं होईल.

आणि फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये (रंगांच्या कुठल्या प्रमाणात) दिलीत? अ‍ॅडोबी आरजीबीत दिली आणि लॅबने ती एसआरजीबी समजून छापली तर रंग मरगळतात.

धागाकर्ता: एसआरजीबीच होती, तपासलं.

चार दिवसांचा हिशोब देतो. नाइट लाइट बंद केलं, ब्राइटनेस ३० वर आणला. पहिल्या रात्री लोडशेडिंगमध्ये बसल्यासारखं वाटलं, तिसऱ्या रात्री सवय झाली. हळदीचे सहा फोटो नव्याने केले आणि लॅबवाल्याला "ऑटो करेक्शन करू नका" सांगून ४ बाय ६ मध्ये छापून आणले. हळद हळदीसारखी आली! मामाच्या कोटाची बटणंही दिसतात. फक्त आत्याची चिंतामणी पैठणी अजून जांभळ्याकडे झुकतेय. खरी साडी शेजारी धरून बघितली, फरक आहेच.

तेव्हा यंत्राला पर्याय नाही असं दिसतंय. पुण्यात कुणाकडे कॅलिब्रेटर एका रविवारपुरता मिळेल का? कोथरूड-कर्वेनगर असेल तर मी येऊन नेतो, संध्याकाळी परत आणून देतो. पैठणी सोमवारपर्यंतच माझ्याकडे आहे.