क्रेनिओफॅरिंजिओमा मुळात होतो कशामुळे? जाणकारांची मदत हवी आहे

माझ्या ९ वर्षांच्या भाच्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या अगदी वर गाठ निघाली. डोकं दुखायचं, उंची खुंटली होती, मग कडेचं दिसेनासं झालं तेव्हा एमआरआय केला. ऑपरेशन झालं. बायोप्सीत अ‍ॅडमॅन्टिनोमॅटस क्रेनिओफॅरिंजिओमा (या गाठीच्या दोन प्रकारांपैकी एक) असं आलंय. पुढचे उपचार नीट चालू आहेत, प्रश्न त्याबद्दल नाही.

ताईनं गरोदरपणाची फाइल बाहेर काढली आहे. कुठली गोळी कधी घेतली, ताप कधी आला होता, एकेक कागद रात्री उशिरापर्यंत चाळत बसते. गाठीचं मूळ गर्भात असतं असं डॉक्टर म्हणाले आणि तिनं ते स्वतःवर ओढून घेतलं. तिला नुसता धीर द्यायचा नाहीये, खरं काय ते सांगायचंय.

मला समजलं ते असं. गर्भ चौथ्या आठवड्याच्या सुमारास असताना तोंडाच्या छतातून एक खळगा वर सरकतो. त्याला राथके पाउच म्हणतात. पिट्युटरीचा पुढचा भाग त्यातूनच तयार होतो आणि खालचा देठ विरून जातो. त्यातल्या काही पेशी मागे राहतात आणि पुढे कधीतरी त्यांची गाठ होते, हे मत एर्डहाइम या पॅथॉलॉजिस्टनी १९०४ मध्येच मांडलं होतं. दातांचं इनॅमल बनवणाऱ्या पेशीही तोंडाच्या आवरणातूनच येतात, म्हणून ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या कोंभासारखी दिसते म्हणे. भाच्याच्या सीटी स्कॅनवर चुन्याचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते, आणि गाठीतून निघालेलं पाणी इंजिन ऑइलसारखं काळपट होतं.

दुसरं मत असं की पिट्युटरीच्या तयार पेशीच नंतर रूप बदलतात. पण ते जास्त करून या गाठीच्या दुसऱ्या, पॅपिलरी प्रकाराबद्दल वाचलं. तो बहुधा मोठ्या माणसांत होतो आणि त्यात ब्रॅफ जनुकातला बदल सापडतो. आमच्या रिपोर्टमध्ये सीटीएनएनबी१ जनुकात म्युटेशन, म्हणजे बदल, आहे. त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन वेळच्या वेळी मोडलं जात नाही, पेशीत साठत राहतं आणि वाढीचा इशारा चालूच राहतो.

इथेच ताई अडते. म्युटेशन म्हटलं की तिला ते आपल्याकडून आलं असं वाटतं. माझ्या वाचनाप्रमाणे हा बदल फक्त गाठीच्या पेशींत असतो, आईवडिलांकडून येत नाही. गरोदरपणातल्या औषधानं किंवा आहारानं ही गाठ होते असं सिद्ध झालेलं मला कुठेच सापडलं नाही. हे बरोबर आहे ना? धाकट्या भाचीचीही तपासणी करावी असं घरात कुणीतरी सुचवलंय, मला ते अनावश्यक वाटतं. आणि गर्भातच राहून गेलेल्या पेशी असतील तर काहींना पाचव्या वर्षी आणि काहींना साठीत त्रास का सुरू होतो?

न्यूरोसर्जरी, एंडोक्राइन किंवा पॅथॉलॉजीतलं कुणी असेल तर कृपया सांगा. ज्यांच्या मुलांना हे झालंय त्यांनीही लिहा, तुमच्या डॉक्टरांनी आईला हे कोणत्या शब्दांत समजावलं? तुमची उत्तरं मी ताईला वाचून दाखवणार आहे.