पोरीला शाहू स्टेडियमवर मॅचला न्यावं का? (शिव्यांचा प्रश्न आहे)

पेठेची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात असतो, सासर कोल्हापूर. मुलगी ९ वर्षांची, दोन वर्षं झाली फुटबॉल कोचिंगला जाते, लेफ्ट बॅक (डावीकडून बचाव) खेळते आणि घरात दुसरा विषय नाही. टीव्हीवर बघते पण स्टेडियममध्ये बसून खरी मॅच तिने एकदाच बघितलीय, मागच्या वर्षी शाहू स्टेडियमवर, तिच्या काकाबरोबर, आणि तिथूनच ही सगळी भानगड सुरू झाली.

मॅच दोन पेठांच्या तालमींच्या फुटबॉल टीमची, गर्दी मरणाची. पोरगी एकदम खुशीत घरी आली, हातपाय धुऊन जेवायला बसली, सासूबाईंनी विचारलं कशी झाली गं मॅच, तर म्हणते, "मस्त! पण आजी, रेफ्रीची आई पण आली होती का? सगळे तिच्याबद्दलच बोलत होते." काकाने जी ताटात मान घातली ती जेवण होईपर्यंत वर नाही काढली. सासऱ्यांना ठसका लागला.

इथवर हसण्यावारी नेलं, पण पुढच्याच आठवड्यात पुण्यात कोचचा फोन, की हिने टीममधल्या गोलकीपर मुलाला त्यातलाच एक शब्द वापरला. रागाने नाही हो, तिला वाटलं गोल खाल्ला की गोलीला असंच म्हणायचं असतं.

आता पुढच्या आठवड्यात परत कोल्हापूरला जातोय, सीझन चालू आहे आणि ही रोज विचारते मॅचला कधी जायचं. नवरा म्हणतो मी पण तिथेच वाढलो, माझं काय बिघडलं (यावर मी बोलत नाही). नेऊ का नको? न्यायचं तर कुठे बसायचं? आणि शब्दाचा अर्थ विचारला तर सांगायचा का?

गोलमागचा_बाक

ताई, न्या की बिनधास्त. ३० वर्षं झाली जातोय, बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून पहिल्यांदा गेलो तवा मी ६ वर्षांचा होतो.

एक सांगतो, आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता क्लब न्हाई. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलच्या टीम काढल्या म्हणून नावात अजून तालीम मंडळ आहे, आणि टीम हरली म्हणजे अख्खी गल्ली हरली, दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर तोंड दाखवायची सोय ऱ्हात न्हाई. त्यात कोल्हापूरकर प्रेमानं हाक मारतो ती पण शिवी घालूनच, तुम्ही सून आहात म्हणजे तुम्हाला माहीतच असणार. पण स्टेडियमवरची शिवी प्रेमाची नसते हे मला पण कबूल आहे.

म्हणून मॅच बघून न्यायचं. दोन मोठ्या टीम समोरासमोर, सेमी, फायनल, असलं काय असलं तर पोरगीला घरी ठेवा. लीगमधली मधल्या वारची मॅच निवडा, खालच्या नंबरच्या दोन टीमची, त्यातपण दुपारची पहिली, ऊन असतंय म्हणून हुल्लड करणारं पब्लिक उशिरा येतंय. ढोल-ताशा आणि झेंडे दिसले की त्याच्या उलट्या बाजूला जायचं. जुने खेळाडू, रिटायर माणसं घोळका करून बसल्यात का बघा, त्यांच्या मागं बसा. ही मंडळी शिव्या कमी देतात आणि टोमणे लै मारतात, पण त्या टोमण्यातनं लेफ्ट बॅकनं कुठं उभं ऱ्हायचं ते पोरीला कळंल, कोचिंगमध्ये पैसे भरून कळत न्हाई ते.

आणि २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आपल्याच कोल्हापूरचा. ही हवाच तशी आहे.

स्पष्ट_बोलते

मला हे "आमच्याकडे प्रेमाने शिव्या देतात" वालं कौतुक अजिबात पटत नाही. सगळ्या शिव्या आई आणि बहिणीवरून, आणि त्या ऐकायला शेजारी नऊ वर्षांची मुलगी बसलेली. मुलगा असता तर कोणी विचारलंच नसतं आणि मुलगी आहे म्हणून तिनेच घरी बसायचं, हेही चीड आणणारं आहे, मान्य. पण तिला जे कळतंय ते नुसते शब्द नाहीत हो, मैदानावर २२ पुरुष खेळतात, चुका पुरुष करतात, आणि घाण बोललं जातं ते तिथे नसलेल्या बाईबद्दल. तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न विनोदी नाहीये, अगदी बरोबर प्रश्न आहे.

दुसरं, आता कोल्हापुरातल्या टीममधून आफ्रिकेतले खेळाडू पण खेळतात. मी एकदाच मॅचला गेले होते (कुठल्या टीमची ते सोडा), एका खेळाडूच्या रंगावरून जे चाललं होतं ते ऐकून हाफटाइमला उठून आले. शिवीचा अर्थ पोरांना दहा वर्षांनी कळेल, हे मात्र त्यांना लगेच कळतं आणि लगेच उचलतात. मी नेणार नाही.

गोलमागचा_बाक

रंगाचं बोललात ते खरं आहे, त्याला काय उत्तर न्हाई माझ्याकडं. आमच्यातलाच एकजण असलं ओरडला तर आम्ही गप करतो, पण पलीकडच्या स्टँडला कोण गप करणार.

वॉटफर्डचा_विठोबा

मी इंग्लंडमध्ये राहतो, मुलगा ११ वर्षांचा, सीझनला सात-आठ मॅच होतात आमच्या. इथे बऱ्याच क्लबना फॅमिली स्टँड असतो. आमच्या वॉटफर्ड क्लबने हे फार आधी केलं, १९८० च्या दशकात, ग्रॅहम टेलर मॅनेजर आणि गायक एल्टन जॉन चेअरमन होते तेव्हा, कारण त्या काळात इंग्लंडात हाणामाऱ्यांमुळे बायका-पोरं मॅचला जायला घाबरायची. फायदा असा की तिथे शेजारचा माणूस पण स्वतःची पोरं घेऊन आलेला असतो, तोंडातून गेलंच तर जीभ चावतो. कायदा पण आहे, १९९१ चा, वर्णद्वेषी किंवा अश्लील घोषणा दिल्या तर गुन्हा.

पण म्हणून कानावर पडत नाही असं समजू नका. समोरून पाहुण्या टीमचे तीन हजार लोक एका सुरात गात असतात, आणि चाल इतकी छान असते की मुलगा घरी येऊन आंघोळीला तेच गातो. आम्ही घरात नियम केलाय, स्टेडियममधले शब्द स्टेडियममध्येच ठेवून यायचे, जसे चप्पल दाराबाहेर. अर्थ विचारला तर मी सरळ सांगतो, न सांगितला तर वर्गातला कोणीतरी जास्त रंगवून सांगतो.

शिट्टीवाला

रेफ्री आहे, शाळांच्या आणि लोकल मॅचेस करतो. माझ्या आईची चौकशी केल्याबद्दल तुमच्या मुलीचे आभार. आई बरी आहे, ७४ वर्षांची, मॅचला कधीच येत नाही.

नियम सांगतो. खेळाडू अपमानास्पद किंवा घाण बोलला तर थेट रेड कार्ड, वॉर्निंगची गरज नाही. कोच, मॅनेजर, बेंचवरचे यांना पण २०१९ पासून कार्ड दाखवता येतं. प्रेक्षकाला कार्ड दाखवायची सोय नाही, फारच झालं तर मॅच थांबवू शकतो किंवा बंद करू शकतो, पण आईवरून शिवी दिली म्हणून मॅच बंद करायची ठरवली तर आपल्याकडे एकही मॅच नव्वद मिनिटं जाणार नाही.

आणि खरं सांगू का, मोठ्या मॅचपेक्षा मला अंडर-१० च्या मॅचेसचा जास्त वैताग येतो, तिथे टचलाइनवर उभे असलेले पालकच सगळ्यात वाईट बोलतात. एका वडिलांनी ऑफसाइडवरून मला जे ऐकवलं ते त्यांचा मुलगा मान खाली घालून ऐकत होता, नंतर हात मिळवताना मला सॉरी म्हणाला. मुलगा, वडील नाही.

एक्स्ट्रा_टाइम

शिव्या थांबवायला पोरांनाच स्टँडमध्ये बसवा हा प्रयोग झालेला आहे बरं का. २०११ ला इस्तंबूलमध्ये फेनरबाचे क्लबच्या प्रेक्षकांनी दंगा केला, मग शिक्षा म्हणून पुरुषांना बंदी आणि बायका-पोरांना फुकट प्रवेश, ४० हजारांवर आल्या! दोन वर्षांनी इटलीत युव्हेंटस क्लबचे गोलमागचे स्टँड असेच प्रेक्षकांच्या घोषणांमुळे बंद केले होते, तिथे १२ हजारच्या आसपास शाळकरी पोरं बसवली. कौतुकाने सगळे बघतायत तर समोरचा गोली गोलकिक मारायला लागला की ही निरागस बाळं एका सुरात त्याला "घाण" अर्थाची इटालियन शिवी घालायची, अगदी मोठ्यांची नक्कल. क्लबला ५ हजार युरो दंड झाला :)

अंधेरी_वेस्ट

२०१८ ला आमच्या अंधेरीच्या स्टेडियमवर भारत-चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) मॅचला फक्त २,५६९ माणसं होती, तेव्हा भारताचा कॅप्टन सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकला होता, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमला या. कॅप्टन स्वतः शिव्या मागत होता. पुढची केनियाची मॅच हाऊसफुल, छेत्रीची शंभरावी, मी मुलीला खांद्यावर घेऊन गेलो होतो, तेव्हा ती ४ वर्षांची. तिच्या लक्षात फक्त आवाज राहिलाय. न्या हो.

पेठेची_सून

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. जाऊन आलो. बाकवाल्या दादांचं ऐकून बुधवारची दुपारची पहिली मॅच धरली, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि भडंग घेऊन. जाताना रिक्षात तिला सांगितलं की तिथे लोक घाण बोलतील, ते बहुतेक बायकांबद्दल असेल, अर्थ हवा असेल तर मला विचार, मी सांगेन, पण कोणाला म्हणायचं नाही. स्पष्ट_बोलते, तुमचं वाचल्यावर मी अर्थ सांगायचा धीर केला. दोन शब्दांचे विचारले. तोंड वाकडं करून म्हणाली, "मग गोल सोडला त्यात तिचा काय संबंध?" आणि परत मॅच बघायला लागली.

पुढच्या रांगेत खरंच चार-पाच आजोबा होते. एकाच्या तोंडून जोरात गेली, मागे वळून पोरीला बघितलं, कानाला हात लावले आणि खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. सेकंड हाफमध्ये अजून तीन गोळ्या मिळाल्या, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. एकाने तिला दाखवलं की डावीकडचा बॅक सारखा पुढे पळतोय आणि मागे मैदान मोकळं पडतंय, आणि पाचच मिनिटांत तिथूनच गोल झाला. घरी येईपर्यंत तेच चालू होतं.

आता म्हणते मोठी मॅच बघायची, ढोल असतात ती. शनिवारपर्यंत आहोत इथेच.

गोलमागचा_बाक

मोठी नको म्हणून आधीच सांगितलंय. पण शुक्रवारी दुपारी दोनला एक आहे, ऊन लै आहे, छत्री घेऊन या. मी तिथंच असतो, लिमलेट आणतो.