वांद्रे पश्चिम, चॅपल रोडजवळ भाड्याचा फ्लॅट: एका खोलीत स्टुडिओ करायचा असेल तर काय तपासावं?

कुंचला
चॅपल रोडलगत, पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर २ बीएचके पाहिला आहे. भाडं १ लाख, दरवर्षी ५ टक्के वाढ, मुदत ३६ महिने, डिपॉझिट ४ लाख. एका खोलीत तैलरंगांचं काम चालेल आणि एचिंगचा प्रेस येईल (कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायचं यंत्र, वजन साधारण २५० किलो). त्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी आहे, मुख्यतः त्यासाठीच घर आवडलं. एजंट म्हणतो, ११-११ महिन्यांचे करार करू, म्हणजे नोंदणीची भानगड नाही. टोकन देण्याआधी काय काय बघू?

उत्तरखिडकी
खिडकीसाठी घर घेताय, तर आधी खिडकीबाहेर बघा. रणवार, चॅपल रोड हा गावठाणाचा भाग, बैठी आणि दोन-तीन मजली घरं अजून टिकून आहेत, म्हणून सहाव्या मजल्यावर एवढा उजेड मिळतो. पण आजूबाजूच्या जुन्या सोसायट्या एकेक करून पुनर्विकासाला जातायत. समोरची इमारत रिकामी झालीय का, पत्रे ठोकलेत का, गेटवर महापालिकेच्या परवानगीचा फलक लागलाय का, हे खाली उतरून बघा. प्रकल्प महारेरावर (राज्याचं बांधकाम प्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदलेला असेल तर मंजूर मजले आणि पूर्ण होण्याची तारीख संकेतस्थळावर दिसते. समोर टॉवर येणार असेल तर उत्तरेचा उजेड जातोच, शिवाय दोन-तीन वर्षं सिमेंटची धूळ ओल्या रंगावर बसते.

फ्लॅट दोन वेळा बघा: सकाळी दहाला आणि दुपारी चारला. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापते, त्या भिंतीवर कॅनव्हास टांगू नका. रात्रीच्या कामाला सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर असलेलेच एलईडी लावा, साध्या दिव्यात लाल रंग मळकट दिसतो. खालच्या गल्लीत भित्तिचित्रं बघायला शनिवार-रविवारी गर्दी असते आणि सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेच्या आठवड्यात वाहतूक तुंबते. सामान त्या आठवड्यात हलवू नका. गल्ली अरुंद आहे, मोठा ट्रक आत येत नाही, छोटा टेम्पोच सांगा.

करारनामा
एजंटचं ऐकू नका. महाराष्ट्रात ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही (घर वापरायचा परवाना देणारा करार) नोंदणीतून सूट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

खर्चही फार नाही. तीन वर्षांचं भाडं १२,००,००० + १२,६०,००० + १३,२३,००० = ३७,८३,०००. परत मिळणाऱ्या ४ लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, तीन वर्षांचे १,२०,०००. एकूण ३९,०३,००० वर ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क साधारण ९,८०० रुपये. नोंदणी फी शहरात १,०००.

करारात ही कलमं आग्रहानं घाला: लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती आणि दोघांनाही लागू आहे का; डिपॉझिट ताबा देताना त्याच दिवशी परत; रंगकामाचे पैसे कापणार असतील तर कमाल रक्कम. आणि एक वाक्य (परवानाधारक म्हणजे तुम्ही): 'परवानाधारक एका खोलीत स्वतःचं चित्रकाम करेल व छपाईचा प्रेस ठेवेल.' घरात बसून चित्र काढण्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. मात्र क्लास सुरू केलात, दारावर पाटी लावलीत, तर सोसायटी त्याला व्यावसायिक वापर म्हणणार. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) प्रतही मागा, नवी इमारत आहे म्हणून ते मिळालेलंच असेल असं धरू नका.

अम्लपट्टी
प्रेसबद्दल. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून काढलेला असतो. २५० किलो चार छोट्या पायांवर उभे केलेत तर टाइल फुटेल. खाली १८ मिमीचा ४ × ४ फूट प्लायवूड आणि त्याखाली रबर मॅट घाला, वजन सुमारे दीड चौरस मीटरवर पसरतं. जागा खोलीच्या मधोमध नको, कोपऱ्यात बीमजवळ ठेवा. लिफ्टची क्षमता आणि दाराची रुंदी आधीच मोजा. प्रेसचे रोलर आणि बेड (सपाट पाट) सुटे करून न्यावे लागतील.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन किंवा अॅक्रिलिकचा गाळ सिंकमध्ये ओतू नका. गाळ पाइपात घट्ट बसला की खालच्या मजल्यावर पाणी उतरतं आणि भांडण तुमच्या दारात येतं. समुद्र जवळ आहे, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तेव्हा आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवणारा डीह्युमिडिफायर घ्याच. फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून २ सेंमी अंतर ठेवा.

कुंचला
खूप उपयोगी. सोसायटी एनओसीसाठी वेगळे पैसे मागते, ते द्यायचे का? आणि घरमालक दुबईत असतात, त्यानं काही फरक पडतो का?

करारनामा
सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावली) घर भाड्यानं द्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, सभासदानं आठ दिवस आधी कळवायचं असतं. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, आणि ते घरमालकानं भरायचं. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, त्याची पोच जपून ठेवा.

दुबईनं मात्र मोठा फरक पडतो. घरमालक भारतातला रहिवासी असता तर भाडं महिना ५०,००० च्या वर असल्यानं त्यावर २ टक्के टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असता. अनिवासी असेल तर ३० टक्के आणि वर उपकर, दर महिन्याला. घरमालकानं प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तर तो दर घटतो. तो दाखला ते आणणार आहेत का, हे टोकनच्या आधी विचारा. नाहीतर महिन्याला हातात किती पडणार यावरून पहिल्याच महिन्यात वाद होईल, आणि कर कापला नाहीत तर खातं तुमच्याकडूनच वसूल करेल.