सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या दिसला की लगेच पिंजरा लावायचा का?

घोडबंदरकर
आमची सोसायटी संजय गांधी उद्यानाच्या ठाण्याकडच्या कडेला आहे. मागच्या भिंतीवरून बिबट्या चालत गेल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरली आणि रविवारी तातडीची मीटिंग झाली. ठराव असा की वनखात्याला पत्र लिहायचं, पिंजरा लावायला सांगायचं आणि बिबट्या लांब सोडायचा. माझा याला ठाम विरोध आहे.

लांब सोडून काय होतं हे महाराष्ट्राने भोगलंय. २००१ नंतर जुन्नर भागात धरलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले, आणि जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून हे समोर आलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर, माग काढता यावा म्हणून गळ्यात कॉलर लावून, माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या जंगलात आला. रिकाम्या झालेल्या हद्दीत नवा बिबट्या शिरतो, तो तरणा आणि जागेला नवखा असतो.

भिंतीमागे जाऊन बघा. चिकनवाल्याच्या काळ्या पिशव्या फाटून पडल्यात, त्यावर कुत्र्यांची झुंड. बिबट्या त्या कुत्र्यांसाठी येतो. आधी ते आवरा.

दोन_मुलांची_आई
अभ्यास सगळे मान्य. पण माझी मुलं क्लासवरून आठला परततात आणि गेटपासून बी विंगपर्यंतचे दिवे बंद असतात. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात सोळा महिन्यांच्या मुलीचा जीव गेला. त्या आईला कुठला अभ्यास दाखवणार? धोका दिसतोय तर तो हलवा, एवढंच मागणं आहे.

घोडबंदरकर
माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याला धरलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. वन्यजीव कायद्यात, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने, तशी सोय आहे. आपला बिबट्या भिंतीवरून चालला आणि निघून गेला. नुसता दिसला म्हणून धरायचा तर उद्यानाच्या कडेची प्रत्येक सोसायटी पिंजरा मागेल.

पाड्यावरचा
मी आरेतल्या पाड्यावर राहतो. दादा, तुमचं बोलणं चुकीचं नाही, पण ते सातव्या मजल्यावरून सोपं आहे. आमच्यातले म्हातारे वाघोबाला मानतात, त्याच्या नावाने नारळ फोडतात. पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहिलोय, आम्हाला बिबट्या नवा नाही. पण संडास घरापासून लांब, वाटेवरच्या खांबाचा दिवा गेलेला, आणि बाई पहाटे पोराला कडेवर घेऊन निघते. वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, हे वनखात्याचे लोकच येऊन सांगतात. मग संडास दाराशी का होत नाही? टॉवरचा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री, आणि बिबट्या मात्र आमच्या अंगणात. सहजीवनाचा सगळा भार आमच्यावरच का?

शिरूरचा_शेतकरी
मुंबईच्या लोकांनी एक ध्यानात घ्यावं. तुमच्या बिबट्याला माघारी जायला शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल आहे. आमच्याकडं तो उसात जन्मतो, उसातच वाढतो. ऊसतोड सुरू झाली की पिल्लं घेऊन मादी कुठं जाणार? २०२५ मध्ये पिंपरखेडला लेकरं गेली, तेव्हा माणसं हायवेवर बसली. शेतीला वीज रात्रीची, म्हणून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रात्रीच जावं लागतं. दिवसा वीज द्या म्हणून आम्ही ओरडतोय. पण तोवर आम्हाला पिंजरे पाहिजेत, आणि धरलेला परत आमच्याच शिवारात सोडायला नको. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात तरी किती कोंबणार, हे सरकारनं बघावं.

घोडबंदरकर
शिरूरचं गणित वेगळं आहे, तिथे मी पिंजऱ्याला नाही म्हणणार नाही. पाड्यावरच्या दादांचं तर शंभर टक्के पटलं. आमच्या पत्रात कचऱ्याच्या जोडीला पाड्यांच्या संडासांची आणि दिव्यांची मागणीही घालतो. पालिका सोसायटीचं पत्र लवकर उघडते, हे कटू असलं तरी खरं आहे.

दोन_मुलांची_आई
घाला, जरूर घाला. चिकनवाल्याशी मी स्वतः बोलते. पण पिंजऱ्याची ओळ मी खोडू देणार नाही. दिवे लागले, कचरा उचलला गेला आणि तरीही तो पुन्हा आवारात उतरला तर पिंजरा लावावा, असं लिहा. तसं लिहिलंत तर सही करते.

पाड्यावरचा
संडासाची मागणी पहिल्या क्रमांकावर लिहा. आणि पत्राची एक प्रत आम्हालाही द्या, वॉर्ड ऑफिसला आम्ही घेऊन जातो.