मदत हवी आहे: बेळगावहून एका दिवसात गोकाक की कॅसलरॉक?

मंडळी, श्रावणात पुण्याहून आमचे मामेसासरे आणि मामी चार दिवस बेळगावात आमच्या वडगावला येणार आहेत. मामा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. वय ७४, डोकं अजून लख्ख. मामींचा एक गुडघा बदललेला आहे. फर्माईश एकच: धबधबा आणि 'इंग्रजांच्या वेळची गावं' बघायची, तीही नीट सांगणारा माणूस बरोबर घेऊन. मी इथली, म्हणून सगळं माझ्या गळ्यात.

एका ट्रॅव्हल्सवाल्यानं बेत दिलाय: सकाळी सहाला निघून गोकाक फॉल्स, गोडचिनमलकीचा धबधबा, दुपारी बेळगावचा किल्ला आणि कॅम्प, मग लोंढ्यावरून कॅसलरॉकचं रेल्वे स्टेशन, रात्री नऊला घरी. अहो, गोकाक ईशान्येला साठ-पासष्ट किलोमीटर आणि कॅसलरॉक खानापूर-लोंढ्याच्या पलीकडं, दक्षिणेला! दिवसभर गाडीतच बसायचं तर पुण्यात काय वाईट?

एकदा हात पोळलेत, म्हणून विचारतेय. दोन वर्षांपूर्वी अशाच 'गाईडसह' सहलीतून एप्रिलमध्ये गोकाकला गेलो. पुढ्यात नुसता कातळ आणि एका कपारीतून पाण्याची करंगळीएवढी धार. गाईड म्हणाला, "हा धबधबा," आणि करदंटाच्या (इथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) दुकानात पाऊण तास बसवून ठेवलं. घटप्रभेचं पाणी वर हिडकलच्या धरणात अडवतात, धूपदाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात जातं, म्हणून उन्हाळ्यात फॉल्स कोरडा, हे घरी आल्यावर बाबांनी सांगितलं. गाईडला माहीत नसेल असं नाही, पण सांगितलं असतं तर एप्रिलमध्ये गिऱ्हाईक कोण आलं असतं!

तर एकच दिशा धरायची तर कुठली? मामींना पायऱ्या किती पडतील? फॉल्सवरच्या झुलत्या पुलावर सोडतात का? आणि मराठीत सांगणारा माणूस कुठं मिळेल?

प्रतिसाद १

गोकाकलाच जावा की. श्रावणात पाणी तांबडंलाल असतंय, १७० फुटांवरनं पडतंय, वरनं कडा घोड्याच्या नालासारखा. आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पूल दोनेकशे मीटर लांब आहे. मधोमध गेलं की हलतोय, चष्म्यावर तुषार बसतात. पण पाणी फार असलं तर पुलावर सोडत नाहीत, तवा हट्ट करू नका. अलीकडच्या काठावर महालिंगेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथनं मामींना बसून बघायला येतंय.

तुमच्या मामांना खरी मजा गिरणीत वाटणार. सूतगिरणी १८८५ ची. धबधब्याच्या तळाला टर्बाइन बसवून १८८७ पासनं पाण्याच्या जोरावर चालवली. एवढ्या आडरानात गिरणी कशाला काढली, ह्याचं उत्तर त्या पाण्यातच आहे. गिरणीभोवती वसलेलं गाव म्हणजेच तुमचं इंग्रजांच्या वेळचं गाव, आणि काय वेगळं बघायचं? कामगारांच्या चाळींतनं एक चक्कर मारा.

गाईड शोधू नका. फॉल्सवर नाहीतर कोण्णूरात चहाच्या टपरीवर विचारा, गिरणीत हयात घालवलेला कोणी तरी भेटतोच. कन्नड मिसळून बोलतील, समजतंय. फक्त आधी ठरवून काय ते द्या, आणि जेवायला बरोबर बसवा. गोडचिनमलकी मामींना नको, पावसात वाट निसरडी असतेय. रविवार टाळा.

प्रतिसाद २

रेल्वेवाल्या माणसाला कॅसलरॉक दाखवल्याशिवाय पाठवू नका, पण वेगळ्या दिवशी. १९६१ पर्यंत पलीकडं पोर्तुगीजांचा गोवा होता, हे सरहद्दीवरचं शेवटचं स्टेशन. इथं सामानाची झडती व्हायची. इथून खाली घाट लागतो, चढ ३७ ला १ (३७ फुटांमागं एक फूट), म्हणून गाड्यांना जादा इंजिनं जोडतात. तुमचे मामा फलाटावर बसून तेवढंच बघत राहतील, लिहून ठेवा.

दूधसागर मात्र कॅसलरॉकवरून दिसत नाही. कोणी 'रुळांवरून चालत नेतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. रेल्वेची बंदी आहे, शिवाय जळवा. बघायचाच तर रेल्वेगाडीच्या खिडकीतून.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. ट्रॅव्हल्सवाल्याला नको म्हणून कळवलं, तो म्हणाला, "ताई, सगळे हाच पॅकेज घेतात." असो.

मामांना फोन केला. गुरुवारी गोकाक कबूल, कॅसलरॉकचं नाव काढल्यावर तर मुक्काम एक दिवस वाढवला. फक्त आता नवीन खूळ काढलंय: "मामी मोटारीनं परत येईल, मी गोकाक रोड स्टेशनवरून पॅसेंजरनं बेळगावला येतो, पाच्छापूरचं स्टेशनही वाटेत बघतो." दुपारी तीननंतर गोकाक रोडला थांबणारी, बेळगावकडं येणारी गाडी कोणती? रोज येणं-जाणं करणाऱ्या कुणी तरी सांगा, त्यांना एकटं सोडायचं नाही, मीच बरोबर बसणार आहे.