अनुभव धागा: ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ने तुम्हाला कशाने खिळवून ठेवले?

सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा हा चित्रपट डिसेंबर १९६६ मध्ये रोममध्ये प्रथम झळकला. गोष्ट अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातली, माळरान स्पेनचे, पडद्यामागची मंडळी बहुतांशी इटालियन आणि तिन्ही प्रमुख नट अमेरिकन, असा हा सगळा मामला आहे. कथानक म्हणाल तर चार ओळींत आटोपते. दोन लाख डॉलरचे सोने एका दफनभूमीत पुरलेले आहे. ‘अग्ली’ टुकोला दफनभूमीचे नाव ठाऊक आहे, ‘गुड’ ब्लाँडीला थडग्यावरचे नाव ठाऊक आहे आणि ‘बॅड’ एंजल आइज त्याच सोन्याच्या मागावर आहे. एवढ्याशा गोष्टीला जवळजवळ तीन तास लागतात, आणि तरीही दोनेक वर्षे उलटली की मी हा चित्रपट पुन्हा लावतो.

माझ्यापुरते उत्तर असे, की प्रेक्षकाला ताटकळत ठेवणे इतके सुखाचे असू शकते हे मला याच चित्रपटाने शिकवले. सुरुवातीची सुमारे दहा मिनिटे कोणी चकार शब्द बोलत नाही. ओस पडलेल्या रस्त्यावरून तीन माणसे समोरासमोर चालत येतात, आता हे एकमेकांवर गोळ्या झाडणार असे आपण धरून चालतो, तोच ती तिघे मिळून एका घरात घुसतात, आतून गोळ्यांचे आवाज येतात आणि खिडकीची काच फोडून टुको बाहेर झेपावतो; त्याच्या एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेला मांसाचा तुकडा असतो.

आपण हा चित्रपट कुठे, कोणाबरोबर पाहिला आणि त्यातले काय मनात राहिले, ते कृपया लिहावे. शेवट उघड होईल अशी भीती बाळगू नये. चित्रपट साठीला आला आहे.

सांगली, निवृत्त बँक कर्मचारी

मी हा चित्रपट १९७० च्या दशकात, कॉलेजात असताना, सकाळच्या खेळाला पाहिला. चित्रपटगृहाचे नाव घेत नाही, कारण तिथल्या ऑपरेटरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. बारा वाजता हिंदी चित्रपटाचा खेळ लावायचा असल्यामुळे त्याने मधले एक रीळ बिनदिक्कत गाळले. आमच्या खेळात टुको आणि ब्लाँडी नदीच्या अलीकडे सैनिकांच्या हाती सापडले आणि पुढच्याच क्षणी पलीकडच्या काठावर चालू लागले. मधे एक पूल होता, त्या पुलापायी दोन्ही बाजूंची माणसे रोज ठरल्या वेळी मरत होती आणि ‘हा पूल एकदाचा उडावा’ अशी आस धरून दारू पीत बसलेला एक कॅप्टन होता, हे सगळे मला तीसेक वर्षांनी, मुलाने डीव्हीडी आणली तेव्हा कळले.

पुढे या पुलाची खरी हकीकत वाचनात आली. चित्रीकरणाच्या वेळी मदतीला असलेल्या स्पॅनिश सैन्यातील अधिकाऱ्याने कॅमेरे सुरू होण्याआधीच स्फोट घडवला, आणि सैन्याने पूल पुन्हा बांधून दिल्यावर तो दुसऱ्यांदा उडवण्यात आला. म्हणजे पहिल्या खेपेला तो पूल कॅमेऱ्यालाही दिसला नाही आणि मलाही नाही. तेव्हापासून ऑपरेटरवरचा राग निम्मा झाला आहे.

मुंबई, ध्वनिसंकलक

माझा दिवस इतरांचे ओठ आणि शब्द जुळवण्यात जातो, त्यामुळे हा चित्रपट पहिल्यांदा पाहताना मी अस्वस्थ झाले होते. ओठ एका वेळी हलतात आणि शब्द दुसऱ्याच वेळी येतात. त्या काळच्या इटलीत चित्रीकरणाच्या जागी ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत नव्हती. जो तो आपापल्या भाषेत संवाद म्हणे आणि सगळा आवाज नंतर चढवला जाई. दुसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आले, की ही अडचण लिओनेने भांडवलासारखी वापरली आहे. प्रत्येक आवाज नव्याने बसवायचाच आहे, तर कोणता ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवण्याची पूर्ण मोकळीक मिळते. म्हणून वारा, बुटाच्या टाचेची खणखण आणि पिस्तुलाचे फिरणारे चक्र एवढेच ऐकू येते आणि बाकीचे जग गप्प असते.

एन्नियो मोरिकोने यांच्या संगीताबद्दल सगळेच बोलतात, पण मला त्यातला हिशेबीपणा आवडतो. कोल्ह्याच्या कुईसारखी तीच सुरावट ब्लाँडीसाठी बासरीवर, एंजल आइजसाठी ओकॅरिना या मातीच्या फुंकवाद्यावर आणि टुकोसाठी माणसांच्या गळ्यातून येते. मात्र माझ्या मनात घर करून राहिला तो युद्धकैद्यांच्या छावणीतला प्रसंग. आत टुकोला बेदम मारले जात आहे आणि त्याच्या किंकाळ्या बाहेर ऐकू येऊ नयेत म्हणून कैद्यांच्या वाद्यवृंदाला वाजवत राहण्याचा हुकूम आहे. एका व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते, त्याचा हात अडखळतो आणि पहारेकरी त्याला पुन्हा वाजवायला लावतो. संगीताचे काम आवाज झाकणे हे आहे, अशी इतकी कडवी कबुली मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही.

नागपूर

माझी वाट उलटी होती. ‘शोले’ पाठ झाल्यावर मी लिओनेकडे आलो, आणि त्याचा १९६८ सालचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ पाहताना घरासमोर साऱ्या कुटुंबाची हत्या होते त्या प्रसंगी खुर्चीत ताठ झालो, कारण ठाकूरच्या अंगणातला तो उन्हाचा दिवस मला आधीच ठाऊक होता. तिथल्या नायकाकडे माउथ ऑर्गन आहे आणि जयकडेही आहे. फरक एवढाच, की तिथे तो सूडाची आठवण करून देतो, आणि आपल्याकडे राधा एकेक दिवा मालवत असताना जय तो वाजवतो. हा फरक मला उसनवारीपेक्षा मोठा वाटतो.

रत्नागिरी, शिक्षिका

थोडा विरोधी सूर लावते. या चित्रपटात बायका जवळजवळ नाहीतच, आणि मारिया नावाची जी एक आहे तिच्या वाट्याला माहिती काढून घेण्यासाठी केलेली मारहाण येते. ज्याला ‘चांगला’ म्हटले आहे तो ब्लाँडी आपल्याच साथीदाराला, टुकोला, पकडून देऊन इनाम घेतो, फासाचा दोर गोळीने तोडून त्याला सोडवतो आणि पुढच्या गावी पुन्हा तोच धंदा करतो. यजमानांच्या आग्रहामुळे मी हा चित्रपट पाहायला बसले आणि तासाभरात उठायच्या बेतात होते.

मला थांबवले ते मठातल्या प्रसंगाने. टुकोचा भाऊ तिथे पाद्री आहे. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या टुकोला तो थंडपणे सांगतो, की आई कधीचीच गेली आणि वडील आत्ता काही दिवसांपूर्वी गेले. टुको उसळतो. आपल्याकडे उपाशी मरायचे नसेल तर पाद्री व्हावे लागे नाहीतर दरोडेखोर, तू तुझा मार्ग धरलास, माझा मार्ग अधिक कठीण होता, असे तो सुनावतो आणि गोष्ट हातघाईवर येते. नंतर गाडीत बसल्यावर तो ब्लाँडीला फुशारकीने सांगू लागतो, की माझ्या भावाचा माझ्यावर फार जीव आहे, त्याच्याकडे माझ्यासाठी वाटीभर सूप कायम असते. ब्लाँडीने सगळे चोरून पाहिलेले असते. तो काही बोलत नाही. जेवणानंतर चिरूट बरा लागतो एवढेच म्हणून आपल्या तोंडातला चिरूट त्याच्यापुढे धरतो. टुको तो घेतो, चघळतो आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळतो. माहेरी आपली काही किंमत उरलेली नाही हे लपवत सासरी माहेराची थोरवी सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे टुको झालेल्या इलाय वॉलॅकचा तो चेहरा मला परका वाटला नाही. बाकीच्या चित्रपटाबद्दलचे माझे मत कायम आहे.

माद्रिद, नोकरीनिमित्त

शेवटच्या प्रसंगातली दफनभूमी स्पेनच्या बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोस गावाजवळ आहे. पाच हजारांहून अधिक थडगी सैनिकांनी केवळ चित्रपटासाठी उभारली होती आणि त्यांत पुरलेले कोणी नाही. पुढे सगळ्यावर माती आणि गवत चढले. २०१५ पासून स्थानिक हौशी मंडळींनी कुदळी घेऊन मधले दगडी वर्तुळ पुन्हा उघडे केले आणि देणगीदारांची नावे क्रुसांवर लिहिली. मी तिथे टुकोसारखा थडग्यांमधून धावून पाहिले. पडद्यावर गायिका एड्डा देल ओर्सो यांचा शब्दांविना चढत जाणारा आवाज त्याला पळवतो. प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीलाच मला धाप लागली आणि जवळ चरणाऱ्या गाईंच्या गळ्यातल्या घंटांखेरीज काही ऐकू येत नव्हते.

नाशिक

वडिलांना इंग्रजी येत नाही आणि गेली काही वर्षे ऐकूही फार कमी येते. मी हा चित्रपट लावला तेव्हा त्यांनी श्रवणयंत्र काढून ठेवलेले होते, आणि संगीताशिवाय त्यांना यात काय उरणार, असे मला वाटले होते. दफनभूमीतल्या वर्तुळात तिघे उभे राहतात, गोळी झाडली जाईपर्यंत कितीतरी मिनिटे जातात. आधी दुरून तिघे, मग कंबरेचे पट्टे, मग बोटे, मग नुसते डोळे, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड होत जातो. वडील खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. टुकोच्या पिस्तुलाचा खटका वाजला, गोळी सुटली नाही, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, “याची रिकामी आहे रे, कोणीतरी काढून घेतल्यात.” ब्लाँडीने आदल्या रात्री त्या काढल्या होत्या, हे चित्रपटात त्यानंतर सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि या वेळी मी आग्रहाने यंत्र कानात बसवले. पाहून झाल्यावर त्यांनी ते काढून डबीत ठेवले. “काल जास्त वेळ चालले होते,” ते म्हणाले. “कालचे बरे होते.”